कोणाक दाखवूचे नाय

ताई, नमस्कार.
मी सत्तावीस वर्षांची आहे. सिंधुदुर्गात एका तालुक्याच्या गावी बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, शाळेची ओळखपत्रं, झेरॉक्स बाबा बघतात. लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं मी करते. गेल्या महिन्यात ओळखीच्या एक बाई आल्या, पंचेचाळिशीच्या असतील. आधार कार्डाची झेरॉक्स काढून घेतली, दुकानात कोणी नाही असं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "माका माझे फोटो काढून होये. साडी नसलेले. तसले नाय गो. माझ्यासाठीच. कोणाक दाखवूचे नाय." मी "सांगते" म्हटलं आणि तेव्हापासून झोप नाही. इंटरनेटवर बघितलं तर याला बुद्वार फोटोग्राफी म्हणतात आणि मोठ्या शहरांत बायका बायकांसाठीच ती करतात. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आपल्याकडे हे चालायचं नाही, दुकानाला कुलूप लागेल." मला करावंसं वाटतं. पण मला ते येईल का, आणि इथे करावं का, ते सांगा.

काढ ते फोटो.

पण कॅमेरा हातात घ्यायच्या आधी त्या बाई काय बोलल्या ते पुन्हा एकदा वाच. कपडे कुठले, बसायचं कसं, किती फोटो, यातलं काहीही त्यांनी धड सांगितलं नाही. कोणी बघायचे नाहीत, हे मात्र न विचारता सांगितलं. तुझं सगळं काम त्या एका वाक्यात आहे. उजेड, पोज, लेन्स हे नंतरचं, आणि ते येतं. मी सांगतेच पुढे.

रत्नागिरीत फोटो काढायला लागून मला तीस वर्षं झाली. त्यातली पहिली दहा-बारा रोलवर गेली. १९९८ साली माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिशीच्या आतबाहेरची. केस कमरेच्या खाली दोन विती. आजारपण निघालं होतं, उपचार सुरू झाले की केस जाणार असं डॉक्टरांनी सांगितलेलं. जायच्या आधी तिला ते फोटोत हवे होते. सोडलेले, पाठमोरे. पाठ उघडी आणि कमरेला आईचं जुनं लुगडं. चेहरा नकोच म्हणाली. आमच्या माडीवर पश्चिमेच्या खिडकीशी तिला उभी करून मी अर्धा रोल काढला. रंगीत रोल तेव्हा धुवायला बाहेर द्यावा लागे. मी दिला. देताना हे खासगी आहे, प्रती मोजून परत हव्यात, एवढंही बोलले नाही. मला सुचलंच नाही. लॅबमधल्या कोणाला तरी तो फोटो आवडला. त्याने एक जादा प्रत काढली आणि काउंटरच्या काचेखाली नमुना म्हणून लावून टाकली. पंधरा दिवसांनी तिच्या दिराने ते केस ओळखले.

पुढे तिच्या घरात काय झालं ते तिचं आहे, मी लिहिणार नाही. ती माझ्याकडे परत आली नाही. त्या फोटोत अंग किती दिसत होतं म्हणशील, तर वीतभर पाठ. चोळी न घालता भात लावणाऱ्या आमच्या आज्यांची याहून जास्त दिसायची. घात त्या वीतभर पाठीने केला नाही. तिने ज्याला दाखवायचं ठरवलं नव्हतं त्याने ती बघितली, त्याने केला. आणि दार मी उघडं ठेवलं होतं.

म्हणून तुझ्या बाबांच्या भीतीला मी हसणार नाही. त्यांनी गावात तीस-चाळीस वर्षं दुकान चालवलंय. फोटो बाहेर गेला तर काय होतं ते त्यांना तुझ्याहून चांगलं कळतं. फक्त त्यांनी त्यावर काढलेला उपाय मला मान्य नाही. बाई फोटो काढून घेणारच. तू नाही म्हणालीस तर मोबाइल कपाटाला टेकवून, टायमर लावून काढेल, आणि ते फोटो तिच्या नकळत आपोआप क्लाउडवर चढतील, घरातल्या टीव्हीच्या पडद्यावर येतील, नाहीतर मोबाइल दुरुस्तीला गेला की तिसऱ्याच्याच हातात पडतील. तुझ्या खोलीत ती जास्त सुरक्षित आहे, पण ती खोली तू नीट राखलीस तरच.

खोलीवरून सांगते. बुद्वार हा फ्रेंच शब्द. मुळात बाईची स्वतःची आतली खोली, आणि तो आला ‘बुदे’ या क्रियापदावरून. त्याचा अर्थ गाल फुगवून बसणं, रुसणं. म्हणजे रुसून बसायची खोली! हे मला कळलं तेव्हा पहिली आठवण झाली ती कैकेयीच्या कोपभवनाची. राणीला रुसायला वेगळी खोली होती. आपल्या घरांत बाईला कुठली होती सांग. ओटी पुरुषांची, माजघर सगळ्यांचं, स्वयंपाकघराला दार असलं तरी ते कोणी लावत नाही, देवघरात उजेड नाही. आतून कडी लावायची एकच जागा, न्हाणी, आणि तिथेही बाहेरून "झालं का गो?" चालूच. त्या बाई पंचेचाळीस वर्षांत किती वेळा बंद दाराआड नुसत्या स्वतःबरोबर बसल्या असतील? फोटो हवेत असं त्या म्हणतात, त्यात ती खोलीही हवी असणार. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणी पहिला अर्धा तास काहीच करत नाहीत. नुसत्या बसतात. मी चहा करून देते आणि बसू देते.

आता कामाचं. दुकानाच्या वर किंवा मागे, जिला खिडकी आहे आणि आतून कडी लागते अशी एक खोली मोकळी कर. कपडे बदलायला आडोसा वेगळा. त्या दोन तासांत बाबा नाहीत, कामाला असलेला पोरगा नाही, गिऱ्हाइक नाही. तिला मैत्रीण किंवा बहीण आणायची असेल तर आणू दे. समुद्रावर काढूया असं कोणी म्हणालं तर नको. पहाटे पाचला गेलीस तरी रापणीचं जाळं ओढणारी माणसं किनाऱ्यावर असतात, ती त्यांची कामाची जागा आहे, आणि हल्ली डोक्यावर ड्रोन कधी येईल सांगता येत नाही. होम स्टेची अनोळखी खोलीही नको. तिचं स्वतःचं घर रिकामं असेल तर उत्तम, पण शेजारीण विरजण मागायला येणारच हे धरून चाल.

आधी एक दिवस नुसती बोलायला भेट. त्या भेटीत तिला विचार, हे फोटो कोणासाठी. स्वतःसाठी म्हणाली तर पुढे जा. नवऱ्याला भेट द्यायचे असतील तरी चालतं, पण तेव्हा तिच्याशी एकटीशी बोल आणि कल्पना कोणाची होती ते काढून घे. मला एकदा एका नवऱ्याने फोन करून तारीखच ठरवली होती. बायको आली ती पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून बसली. मी तिचा साडीतला एक सुंदर फोटो काढला, चहा पाजला आणि घरी पाठवली. त्याचे पैसे परत केले. अठराच्या आतली मुलगी असेल तर विषयच नाही, आई बरोबर आली तरी नाही. वयाची शंका आली तर सरळ आधार कार्ड माग.

बोलणं झालं की मराठीत एक पानाचा कागद कर. वकिली भाषा नको. फोटो कुठल्या कार्डावर काढणार, कोण बघणार, दुरुस्ती कोण करणार, माझ्याकडे किती दिवस राहणार, मन बदललं तर काय. जाहिरातीला, नमुन्याला, इन्स्टाग्रामला वापरणार का, या प्रश्नापुढे ‘नाही’ आधीच छापून ठेव. ‘हो’ करायचं असेल तर ते तिने स्वतःच्या हाताने लिहावं, आणि तेही फोटो काढल्याच्या दिवशी नको. त्या दिवशी ती आनंदात असते, तुझे उपकार वाटत असतात, नाही म्हणायला जीभ वळत नाही. महिनाभराने विचार. मी तर विचारतच नाही. माझ्याकडे दाखवायला हात आहेत, खिडकी आहे, चुरगळलेल्या गोधडीवर पडलेला उजेड आहे. कळणाऱ्या बाईला तेवढ्यावरून कळतं.

कायद्यातल्या दोन गोष्टी तू आणि बाबा दोघांनी पाठ करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे पैसे देऊन जिने स्वतःसाठी फोटो काढून घेतला, ती त्या फोटोची पहिली मालक, वेगळा करार केला नसेल तर. बटण दाबणारा नव्हे. लग्नाचे फोटो न विचारता दुकानाच्या काचेत लावणारे आपण सगळे हे विसरतो. दुसरी गोष्ट भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाची. १ जुलै २०२४ पासून हे कलम आहे. त्याआधी हेच २०१३ मध्ये दंड संहितेत ३५४ सी म्हणून आलं होतं. बाईने फोटो काढायला संमती दिली, पण तो इतरांना द्यायला दिली नव्हती, आणि तरी कोणी तो पसरवला, तर तो गुन्हा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद आणि दंड. माझ्या १९९८ च्या मुलीच्या हातात हे दुसरं कलम नव्हतं. बाबांना हे वाचून दाखव. कायद्याने धरलंय ते बाईच्या मर्जीविरुद्ध काढणाऱ्याला आणि पसरवणाऱ्याला.

कधी काही बाहेर गेलंच तर रडत बसायचं नाही हेही तिला आधीच सांगून ठेव. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायकांच्या अशा तक्रारी नाव न देताही करता येतात. २०२१ च्या आयटी नियमांनी समाजमाध्यमांच्या कंपन्यांना असे फोटो तक्रारीनंतर ठरावीक तासांच्या आत काढायला बांधून घातलं. आणि ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक सोय आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुमच्याच मोबाइलवर त्या फोटोचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच जातो. त्या ठशावरून फेसबुक, इन्स्टाग्राम असल्या ठिकाणी तो फोटो ओळखून अडवतात.

कार्डाबद्दल मी कडक आहे. प्रत्येक बाईला नवीन मेमरी कार्ड, त्याचे पैसे बिलात. कॅमेऱ्याचं वायफाय बंद. मोबाइल, तुझा आणि तिचा, खोलीबाहेर. दुरुस्ती करायची ती इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर आणि तूच करायची, बाहेर एडिटिंगला द्यायचं नाही. डिलीट मारलं म्हणजे फोटो गेला असं धरू नकोस, कार्डावरून ते परत काढणारे सॉफ्टवेअर चारचौघांना ठाऊक आहे. म्हणून काम संपलं की ते कार्डच तिच्या हातात द्यायचं. व्हॉट्सॲपवर एकही फोटो पाठवायचा नाही, "एकच पाठव गो" म्हणाली तरी नाही. मी छापूनच देते. लहानसा प्रिंटर घरी ठेवलाय. लॅबला मी पुन्हा कधी असं काही दिलं नाही. आपल्या दमट हवेत प्रती एकमेकींना चिकटतात, तेव्हा मध्ये बटर पेपर घाल आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाक.

आता ज्याची तुला सगळ्यात जास्त धास्ती आहे ते. येईल का?

आधी तू स्वतः बस. कुठल्या तरी मैत्रिणीच्या हातात कॅमेरा दे, नाहीतर ट्रायपॉड लाव, कडी लाव आणि स्वतःचे असे वीस फोटो काढ. पोट कुठे आत ओढलं जातं, हातांचं काय करावं हे कसं कळत नाही, ‘रिलॅक्स’ म्हटल्यावर अंग उलट कसं आखडतं, हे तुला अंगाने कळायला हवं. मी हे फार उशिरा केलं. केल्यावर ‘रिलॅक्स’ हा शब्द खोलीत बोलायचा बंद केला.

तुमच्या स्टुडिओतल्या त्या दोन छत्र्या विसर. पासपोर्टला त्या ठीक, दोन्हीकडून सारखा उजेड पाडून त्या सगळं सपाट करतात. तुला एक खिडकी पुरते. ट्यूबलाइट बंद. खिडकीवर आजोबांचं धुवट धोतर ताणून बांध, त्याच्यासारखा उजेड गाळणारा कपडा विकत मिळत नाही. बाईला खिडकीकडे तोंड करून उभी कर आणि मग खांद्यातून हळूहळू वळव. गालावर सावली सुरू होते तिथे थांब. सावलीच्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा धरलास की झालं. पावसाळ्यात तर आपल्याकडे आभाळच धोतर होऊन बसतं. आषाढातल्या दुपारच्या उजेडाइतका मऊ उजेड मी दुसऱ्या कुठल्या महिन्यात बघितला नाही.

एक खास इथलं सांगते, ते शहरातल्या मैत्रिणी तुला सांगणार नाहीत. खिडकीबाहेर पोफळी किंवा केळी असतील तर आत येणारा उजेड हिरवा असतो. डोळ्याला जाणवत नाही, फोटोत गाल आजारी दिसतो. भिंत चिऱ्याची असेल तर त्या बाजूने तांबूस झाक येते. म्हणून पांढरा कागद तिच्या गालाशी धरून व्हाइट बॅलन्स तिथेच सेट कर, कॅमेऱ्याच्या ऑटोवर सोडू नकोस. आणि सावळी बाई सावळीच राहू दे. तिला उजळवलीस तर तिच्या आईने, सासूने आणि क्रीमच्या जाहिरातींनी जे केलं तेच तू केलंस.

लेन्स पन्नासची असेल तर बस झाली, पंच्याऐंशीची असेल तर चांगलंच. वाइड लेन्स घेऊन जवळ गेलीस की नाक आणि गुडघे मोठे होतात आणि बाई स्वतःलाच दोष देते. दोन मीटर लांब उभी राहा. अपर्चर एफ २.८ च्या आसपास. त्याहून उघडलंस तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो.

पोज सांगायची झाली तर स्वतः करून दाखव. तिच्या अंगाला हात लावून वळवू नकोस. केसाची बट बाजूला करायची असेल तरी आधी विचार. हातांना काम दे. अंबाडा सोडायला सांग, बांगड्या उतरवायला सांग, पाठीवरचं लुगडं सावरायला सांग. फोटो त्या कामाच्या मध्ये असतो, शेवटी नसतो. लेसचे गाऊन आणून ठेवायच्या फंदात पडू नकोस. तिचं तिला आणू दे. परकर आणि जुनं पोलकं, आजीची इरकल, नवऱ्याचा शर्ट, नुसता पंचा. फेब्रुवारी-मार्च असेल तर एक सुरंगीच्या फुलांचा वळेसर मागवून ठेव. वासाने बाई वेगळी बसते, हे माझं अनुभवाचं आहे. मंगळसूत्र ठेवू की काढू, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारते. याचं उत्तर तू द्यायचं नाही.

एक बारीक गोष्ट आधीच्या भेटीत सांगायला विसरू नकोस. येताना सैल गाऊन घालून ये म्हणावं, आणि आल्यावर तासभर परकराची नाडी नाही, घट्ट ब्लाउज नाही. कमरेवर नाडीचा वळ असतो ना आपल्या सगळ्यांच्या. कित्येकींच्या कमरेला तो काळा पडून कायमचा झालेला असतो. ताजा वळ तासाभरात जातो. कायमचा असेल त्याचं काय करायचं ते ती ठरवेल. मी दुरुस्तीला एकच नियम लावते. पंधरा दिवसांत आपोआप जाणारी गोष्ट, डास चावलेला, पुळी, ओरखडा, ती न विचारता काढते. जी राहणार आहे, सिझेरियनचा व्रण, पोटावरच्या रेघा, कोडाचा डाग, भाजल्याची खूण, तिला ती स्वतः बोट ठेवून सांगेपर्यंत हात लावत नाही. कंबर बारीक करून देत नाही. मागितली तरी देत नाही, आणि ते पहिल्या भेटीतच सांगते. काहींना पटत नाही, त्या जातात.

मागे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, साठीच्या. जुनं घर, माजघराच्या छपरात एक काचेचं कौल. अकराच्या सुमाराला त्यातून उन्हाची भाकरीएवढी चकती खाली पडते आणि सरकत जाते. मी त्यांना जमिनीवर पाठमोरं बसवलं आणि आम्ही दोघी त्या चकतीची वाट बघत बसलो. ती आधी तळपायावर आली, मग कमरेवर, मग पाठीच्या कण्यावरून वर चढली. त्या बाईंच्या उजव्या खांद्याखाली तीन तीळ होते, ओळीने, त्रिकांडासारखे. दहाबारा फोटो झाल्यावर मी नेहमीप्रमाणे थांबून कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितलं. तिळांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "हे मला आहेत? आईला होते." साठ वर्षं ती पाठ त्यांच्याबरोबर होती आणि त्यांनी ती बघितलीच नव्हती. पुढचे फोटो वेगळेच झाले. खांदे आपले आपण खाली आले, मी काही सांगितलं नाही.

आत्मविश्वास येतो म्हणतात तो मी एवढाच बघितलाय. त्याहून मोठं काही कबूल करू नकोस. या फोटोंनी मोडलेला संसार सांधत नाही, दारू पिणारा नवरा सुधारत नाही, मनाचं दुखणं बरं होत नाही. कोणी बाई आली आणि बोलता बोलता तुला तिच्या जिवाची काळजी वाटली, तर त्या दिवशी कॅमेरा काढूच नकोस. तिला टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दे, तिथे मराठीत बोलता येतं, आणि शक्य असेल तर तुझ्यासमोरच लावायला सांग.

पैसे नीट घे. ओळखीची म्हणून फुकट करशील तर तिला मागायला आणि नाही म्हणायला दोन्ही जड जाईल. दुकानावर बोर्ड लावू नकोस, काही गरज नाही. एक बाई दुसरीला विहिरीवर नाहीतर एसटीत सांगते, तेवढं पुरतं. आणि नाव काय द्यायचं म्हणशील तर मी माझ्या वहीत ‘आतले फोटो’ असं लिहिते.

राहिले बाबा. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना एक चित्र दाखव. एक बाई हातात दिवा घेऊन उभी आहे, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला, आणि उजेड बोटांतून लालसर होऊन चेहऱ्यावर आलाय. पुष्कळ जण ते रविवर्म्याचं समजतात. ते सावळाराम हळदणकरांचं आहे, तुमच्याच सावंतवाडीचे. जलरंगातलं. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात टांगलेलं आहे. समोर उभी होती ती त्यांची स्वतःची मुलगी. अंगभर साडी आहे तिच्या. तरी ते बघताना तिच्या आतल्या खोलीत आपण पाऊल टाकलं असं वाटतं आणि आपोआप आवाज खाली येतो. बाबांनीही आयुष्यभर उजेडाचंच काम केलंय. त्यांना विचार, हा उजेड आपल्या वरच्या खोलीत कसा करायचा? मला वाटतं ते स्टूल ओढून छपराकडे बघायला लागतील. नाहीच लागले, तर दुकान त्यांचं आहे. मग तू तुझी खोली दुसरीकडे बघ, पण त्यांच्यापासून लपवून त्यांच्या छपराखाली हे करू नकोस.

त्या बाईंना फार थांबवू नकोस. विचारायला त्यांना किती दिवस लागले असतील कोण जाणे, आणि तुझा "सांगते" ऐकून त्या आता रोज दुकानासमोरून जाताना मान खाली घालत असतील. फोन करू नकोस, घरात दुसरं कोणी उचलेल. त्या झेरॉक्सला पुन्हा येतील, किंवा तू बाजारात त्यांच्या शेजारी मासे घ्यायला उभी राहा. एवढंच म्हण, "काकी, जमतला. आधी नुसत्या चाय पियूक येवा." आणि त्या यायच्या आधी वरच्या खोलीची कडी लावून, बाहेरून दार ढकलून बघ. ढिली असेल तर सुताराला बोलाव.